एआय, आपली माहिती आणि दिल्लीचं बोर्ड: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात डेटा प्रोटेक्शन बोर्डाबद्दल, म्हणजे आपली वैयक्तिक माहिती नीट न सांभाळणाऱ्या कंपन्यांची चौकशी करून दंड करणाऱ्या सरकारी बोर्डाबद्दल, थोडं लिहिलं होतं आणि म्हटलं होतं की हे बोर्ड नीट चालावं असं वाटत असेल तर आपण वाचकांनीही त्याला हात द्यायला हवा. त्यावर पेडण्यापासून काणकोणपर्यंत प्रश्न आले, काही मेलवर, बरेचसे व्हॉट्सॲपवर, एक तर चक्क अंतर्देशीय पत्रावर. सगळ्यांची उत्तरं एका अंकात मावत नाहीत म्हणून ज्यांचा उपयोग जास्त लोकांना होईल ते निवडलेत. नावं मुद्दामच छापलेली नाहीत.

प्रश्न: ताई नमस्कार. मी सरकारी नोकरीतून रिटायर झालेला माणूस. तुम्ही लिहिलंत की बोर्डाला सामान्य माणसाने मदत करावी. आता बोर्ड बसणार दिल्लीत, मी डिचोलीत, आणि एआय कंपन्या अमेरिकेत. यात मी कसली मदत करणार? आणि मुळात मदत का करावी, त्यांना पगार मिळणारच ना?
— एक वाचक, डिचोली

उत्तर: काका, प्रश्न अगदी सरळ विचारलात त्याबद्दल आभार. जरा मागून सांगते. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी केसमध्ये सांगितलं की प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर सहा वर्षं समित्या, मसुदे, परत मसुदे असं चाललं आणि ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा झाला, ज्याला सगळे डीपीडीपी म्हणतात. त्याचे नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये. त्या नियमांत वेळापत्रक ठरवून दिलंय, बोर्डाची तरतूद लगेच लागू, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या आणि आपले हक्क अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून.

आता तुमचा मुद्दा. या बोर्डावर सदस्य किती, तर चार. अख्ख्या देशाला. आणि चौकशी कधी सुरू करायची हे कायद्याच्या कलम २७ मध्ये लिहिलंय: एखाद्या कंपनीने स्वतः कळवलं की आमच्याकडून डेटा फुटला, किंवा ज्याचा डेटा आहे त्या माणसाने तक्रार केली, किंवा केंद्र वा राज्य सरकारने प्रकरण पाठवलं, किंवा कोर्टाने सांगितलं तर. बोर्डाला वर्तमानपत्रात काहीतरी वाचून आपल्या मनाने उठून एखाद्या कंपनीचं दार ठोठावता येईल असा मार्ग त्या यादीत नाहीये. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण कंपनी स्वतः कळवेल याची खात्री नाही, सरकार पाठवेल याची नाही, मग उरतो कोण, तर तुम्ही आणि मी. आपण लिहिलंच नाही तर बोर्डाच्या टेबलावर काही येणारच नाही. आणि मग दोन वर्षांनी कोणीतरी म्हणेल की बघा, तक्रारीच नाहीत, म्हणजे सगळं छान चाललंय.

पगाराचं म्हणाल तर पगार घेणाऱ्या माणसालाही पुरावा लागतोच, आणि तुम्ही आयुष्यभर फाइली हाताळल्यात त्यामुळे तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं माहितेय. बोर्डाला समन्स काढायचे, कागद मागवायचे, तपासायचे दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत पण कुठला कागद मागायचा हे कळायला सुरुवातीचा धागा हवा, आणि तो तक्रारदाराकडूनच येतो. एआयच्या बाबतीत तर हे जास्तच आहे कारण ही यंत्रं तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला की वेगळं उत्तर देतात. आज चॅटबॉटने तुमचं नाव, पत्ता किंवा तुमच्याबद्दल काहीतरी खोटंनाटं दाखवलं आणि उद्या तुम्ही कोणाला दाखवायला गेलात तर ते दिसेलच असं नाही. म्हणून दिसलं की त्याच क्षणी स्क्रीनशॉट घ्या, तारीख वेळ दिसू दे, तुम्ही काय टाईप केलं होतं ते पूर्ण दिसू दे, ॲपचं व्हर्जन, अकाऊंट कुठलं ते लिहून ठेवा. फक्त उत्तराचा फोटो काढून उपयोग नाही, प्रश्नासकट हवा.

दुसरं म्हणजे पहिली तक्रार बोर्डाकडे जात नाही हे लक्षात ठेवा. कायद्याने आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जायचं, नियमांप्रमाणे त्यांना उत्तर द्यायला जास्तीत जास्त नव्वद दिवस आहेत, आणि तिथे काही झालं नाही तरच बोर्ड. म्हणून फोनवर बोलू नका, मेल करा आणि मेल जपून ठेवा, कारण तोच मेल पुढे बोर्डाकडे जाताना पहिलं पान असणारे. कंपनी म्हणेल की तुम्ही संमती दिली होती. म्हणू दे. संमती घेतली होती, नीट सांगून घेतली होती, हे सिद्ध करायची जबाबदारी कायद्याने कंपनीवर टाकलीये, तुमच्यावर नाही. हे वाक्य मेलमध्ये लिहाच.

एक सावधगिरी मात्र: रागाच्या भरात खोटी किंवा उगाचच तक्रार करू नका, त्याला दहा हजारांपर्यंत दंड आहे. आणि खरं सांगते, या कायद्यातली एक गोष्ट मला मनापासून खटकते. दंड झाला, अगदी २५० कोटींचा झाला तरी ते पैसे सरकारच्या तिजोरीत जातात, ज्याचा डेटा फुटला त्याला त्यातून एक पैसाही नाही. आयटी कायद्याच्या कलम ४३ए खाली कंपनीच्या हलगर्जीपणामुळे पासवर्ड, बँकेची माहिती, आजारपणाची माहिती असं काही बाहेर गेलं तर भरपाई मागता येते, राज्याच्या आयटी सचिवांकडे, पण नवा कायदा पूर्ण लागू झाला की ते कलम जाणार. म्हणून ज्यांचं आत्ता नुकसान झालंय त्यांनी मे २०२७ ची वाट बघत बसू नये.

प्रश्न: मोरजीला आमचा छोटा होमस्टे आहे, चार रूम. आतापर्यंत पाहुण्यांचं आधार किंवा पासपोर्ट मी फोनवर फोटो काढून ठेवायचे. आता एक सॉफ्टवेअरवाला आलाय, म्हणतो एआय चेक-इन, पाहुण्याने चेहरा दाखवला की पासपोर्टशी मॅच होतो, फॉर्म आपोआप भरतो. महिन्याला थोडेच पैसे. घेऊ का? माझे मिस्टर म्हणतात जबाबदारी त्याची, आपली नाही.
— एक होमस्टेवाली, मोरजी

उत्तर: मिस्टरांना सांगा की जबाबदारी तुमचीच. कायदा अगदी स्पष्ट म्हणतो की ज्याने माहिती गोळा केली तोच जबाबदार, मग त्याने ती दुसऱ्या कोणाकडून हाताळून घेतली असली तरी, आणि तुमचा त्या सॉफ्टवेअरवाल्याशी करार काहीही म्हणत असला तरी. पाहुण्याने पासपोर्ट तुमच्या हातात दिला, त्या कंपनीच्या नाही.

परदेशी पाहुणा आला की २४ तासांत त्याच्या नोंदीचा फॉर्म ऑनलाईन भरायचा असतो, तो भरायलाच हवा, त्यात काही सूट नाही, आणि त्याला पासपोर्ट-व्हिसाची माहिती लागतेच. पण चेहऱ्याचं मोजमाप करून ते सर्व्हरवर ठेवायला कोणी सांगितलंय? समोर माणूस उभा आहे, पासपोर्टवर फोटो आहे, तुम्ही डोळ्यांनी बघू शकता. चार रूमला यंत्र कशाला लागतं हे मला तरी कळलेलं नाही. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, चेहरा कोण बदलणार.

तरीही घ्यायचंच असेल तर त्या माणसाकडून लेखी घ्या, आणि लेखी म्हणजे व्हॉट्सॲपवर ओके नव्हे, करार. माहिती कुठे साठते, पाहुणा गेल्यावर किती दिवसांनी पुसली जाते, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आमच्या पाहुण्यांचे चेहरे वापरून तुम्ही तुमचं एआय शिकवता का, हा प्रश्न विचारा. या शेवटच्या प्रश्नाला जो माणूस "मॅडम ते सगळे टेक्निकल असतं" असं म्हणेल त्याला चहा पाजून परत पाठवा. काही फुटलं तर आम्हाला लगेच कळवाल हेही लिहून घ्या, कारण नव्या नियमांप्रमाणे डेटा फुटल्याचं कळलं की पाहुण्यांना आणि बोर्डाला विनाविलंब सांगायचं आणि ७२ तासांत बोर्डाला सविस्तर माहिती द्यायची आहे, आणि सर्ट-इन या सरकारी संस्थेला सहा तासांत कळवायचा आदेश तर एप्रिल २०२२ पासूनच आहे. सॉफ्टवेअरवाल्याने तुम्हाला आठ दिवसांनी सांगितलं तर तुम्ही ७२ तास कुठून आणणार?

२५० कोटींचा आकडा वाचून घाबरू नका, तो वरचा टप्पा आहे, बोर्डाने दंड ठरवताना चूक किती मोठी, कुठल्या प्रकारची माहिती, परत परत झाली का, तुम्ही नुकसान कमी करायला काय केलंत हे सगळं बघायचं आहे. लपवलं तर मात्र वाईट, न कळवण्याला वेगळा दंड आहे, २०० कोटींपर्यंत. छोट्या धंदेवाल्याने आपणहून वेळेत कळवलं तर बोर्डाला तो सॉफ्टवेअरवाला सापडतो, आणि तोच माणूस कळंगुट, हणजूण, पाळोळेपर्यंत आणखी कितीतरी जणांकडे तेच यंत्र बसवून आलेला असतो.

आणि आजच करायचं काम: फोनच्या गॅलरीतले ते जुने आधारचे फोटो पुसा. ते तुमच्या फोनमध्येच आहेत असं तुम्हाला वाटतंय पण बॅकअप चालू असेल तर ते कधीच क्लाउडवर गेलेत, तिथूनही पुसा. इथून पुढे भारतीय पाहुण्याकडून मास्क्ड आधार घ्या, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात, ओळख पटवायला तेवढं पुरतं.

प्रश्न: मी फोंड्याजवळच्या हायस्कूलमध्ये शिकवते. प्रगतीपुस्तकातले शेरे लिहायला मी चॅटबॉट वापरते, मुलाचं नाव, मार्क, त्याच्याबद्दल चार ओळी टाकल्या की छान मराठीत शेरा येतो, आमचा कितीतरी वेळ वाचतो. परवा एका सहकाऱ्याने विचारलं की हे कायदेशीर आहे का. पालकांनी ॲडमिशन फॉर्मवर सही केलेली असतेच ना?
— एक शिक्षिका, फोंडा

उत्तर: बाई, वेळ वाचतो हे खरंच आहे आणि शिक्षकांवर कागदपत्रांचं किती ओझं आहे हे मला माहितेय, त्यामुळे वापरूच नका असं मी म्हणणार नाही. पण त्या "चार ओळी" काय असतात याचा जरा विचार करा. तुम्ही सोबत नमुना पाठवलात (तो मी छापत नाही, आणि माझ्याकडूनही पुसलाय), त्यात मुलाचं पूर्ण नाव होतं, वाडा होता, आणि "वडील पितात, घरी भांडणं, म्हणून अभ्यासात लक्ष नाही" असं होतं. हे तुम्ही मायेनेच लिहिलंत. पण हे वाक्य आता एका कंपनीच्या सर्व्हरवर आहे, त्या मुलाच्या नावासकट, आणि त्याला किंवा त्याच्या आईला याचा पत्ताही नाही.

अशी माहिती बाहेर येते का? येते. मार्च २०२३ मध्ये चॅटजीपीटीतल्या एका चुकीमुळे काही लोकांना दुसऱ्यांच्या संभाषणांची शीर्षकं दिसायला लागली होती, त्यानंतर थोड्याच दिवसांत इटलीच्या डेटा नियामकाने, त्याला तिकडे गारांते म्हणतात, चॅटजीपीटी तात्पुरतं बंदच केलं आणि कंपनीने लोकांना नीट माहिती देणं, नको म्हणायची सोय, वयाची तपासणी अशा गोष्टी मान्य केल्यावर एप्रिलअखेर परत चालू झालं. त्याच वर्षाच्या शेवटी संशोधकांनी दाखवलं की चॅटजीपीटीला एकच शब्द सतत म्हणत राहा असं सांगितलं तर मध्येच ते शिकताना वाचलेला मजकूर ओकायला लागतं, त्यात खऱ्या माणसांचे ईमेल, फोन नंबर होते. आणि २०२५ च्या मध्यावर लोकांनी शेअर केलेल्या चॅट गुगल सर्चमध्ये सापडायला लागल्या, मग ती सोय कंपनीने काढून टाकली. म्हणजे एकदा आत गेलेलं कुठून कसं बाहेर येईल हे बनवणाऱ्यांनाही नीट सांगता येत नाही, आणि यंत्राने शिकून घेतलेलं पुसणं हे फाईल डिलीट करण्याइतकं सोपं नसतं.

कायद्याचं म्हणाल तर अठरा वर्षांखालचं प्रत्येक मूल हे मूल, आणि त्याच्या माहितीला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. शाळांना नियमांत थोडी सवलत दिलीये, शिक्षणाच्या कामासाठी आणि मुलांच्या सुरक्षेसाठी लक्ष ठेवायची. पण मुलाच्या घरची गोष्ट परदेशी कंपनीच्या चॅटबॉटमध्ये टाकणं त्या सवलतीत बसतं असं मी तरी कोणाला सांगणार नाही. ॲडमिशन फॉर्मवरची सही ॲडमिशनसाठी असते. संमती ज्या कामासाठी दिली त्याच कामापुरती, हा या कायद्याचा कणा आहे.

उपाय कठीण नाही. नाव टाकू नका, रोल नंबरही नको, फक्त "एक विद्यार्थी, गणितात बरा, वाचन कच्चं" एवढं द्या आणि शेरा आला की नाव तुमच्या हाताने लिहा. घरच्या गोष्टी अजिबात नकोत, त्या समुपदेशकाच्या वहीत राहू देत. सेटिंगमध्ये जाऊन आपल्या चॅट एआयला शिकवायला वापरू नका हा पर्याय निवडा. जुन्या चॅट पुसा. आणि एकट्यानेच करू नका, हेडमास्तरांना सांगून स्टाफरूमसाठी एक पानाचा नियम लिहून घ्या आणि पुढच्या पीटीए मीटिंगला पालकांपुढे ठेवा. पालक चिडतील अशी भीती वाटते तुम्हाला, पण आधी सांगितलेलं लोक समजून घेतात.

प्रश्न: भावाने लोन ॲपवरून वीस हजार घेतले. हप्ता चुकला तर ॲपवाले आता त्याच्या कॉन्टॅक्टमधल्या सगळ्यांना फोन करतायत, मला, मावशीला, त्याच्या सायबाला. बोलणारा माणूस पण नाही, कॉम्प्युटरचा आवाज. कुठे जायचं?
— साखळीहून

उत्तर: भाऊ, कॉन्टॅक्ट लिस्ट घ्यायचा त्यांना अधिकारच नव्हता. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्येच सांगितलंय की कर्जाच्या ॲपने फोनमधले कॉन्टॅक्ट, कॉल लॉग, फोटो, फाईली यांना हात लावायचा नाही. डीपीडीपी कायद्यातही जवळपास असंच उदाहरण दिलंय: डॉक्टरी सल्ल्याच्या ॲपने कॉन्टॅक्ट लिस्ट मागितली आणि बाईने हो म्हटलं तरी ती संमती कॉन्टॅक्टसाठी धरली जाणार नाही, कारण त्या कामाला त्याची गरजच नाही. म्हणजे "अलाऊ" दाबलं म्हणून भावाला दोष देऊ नका.

आत्ता करायचं ते असं: फोन कॉल रेकॉर्ड करा, नंबर आणि वेळ लिहा, मावशीला आणि सायबालाही त्यांच्या फोनवर तेच करायला सांगा, कारण त्यांचा नंबर त्यांनी दिला नव्हता, त्यांची तक्रार स्वतंत्र आहे. ॲपमागे कुठली बँक किंवा फायनान्स कंपनी आहे ते कर्जाच्या कागदावर असतं, तिला मेल टाका. कोणीच रजिस्टर्ड दिसत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या सचेत पोर्टलवर. धमक्या असतील तर सायबर पोलीस, पैसे उकळले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाईनला फोन. परवानग्या काढून घ्या पण ॲप आधी पुसू नका, पुरावा त्यात आहे.

प्रश्न: माझी मुलगी पोर्तुगीज पासपोर्टवर लिस्बनला गेलीये, तिथे मॉलमध्ये डोळ्याचं स्कॅन करून क्रिप्टो देत होते म्हणे, एआयच्या जगात माणूस असल्याचा पुरावा म्हणून. तिने केलं असेल अशी मला भीती. आपल्याकडे पण येईल का हे?
— मडगावहून एक आई

उत्तर: तुम्ही म्हणताय ते वर्ल्डकॉइन. पोर्तुगालमध्ये तीन लाखांहून जास्त लोकांनी बुबुळं स्कॅन करून दिली होती. मग तिथल्या नियामकाकडे, सीएनपीडीकडे, लोकांच्या तक्रारी यायला लागल्या, की अल्पवयीन मुलांचं स्कॅन आईबापांना न विचारता केलं, नीट माहिती दिली नाही, आता पुसा म्हटलं तर पुसता येत नाही. मार्च २०२४ मध्ये सीएनपीडीने नव्वद दिवस स्कॅनिंग थांबवायचा आदेश दिला. त्याच महिन्यात स्पेननेही थांबवलं होतं. पोर्तुगाल आपल्यासारखाच छोटासा कारभार, कंपनी जगभर पसरलेली, पण मुलांचे आईबाप लिहीत राहिले म्हणून नियामकाच्या हातात काहीतरी आलं. वरती डिचोलीच्या काकांना मी जे लिहिलं त्याचं याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

मुलीला आधी शांतपणे विचारा, ओरडू नका. केलं असेल तर ती युरोपमध्ये राहते म्हणून तिला जीडीपीआरचे, म्हणजे तिकडच्या डेटा कायद्याचे, हक्क आहेत, तिने कंपनीला लेखी विचारावं की माझं काय ठेवलंय आणि ते पुसा, आणि उत्तर नीट मिळालं नाही तर सीएनपीडीकडे तक्रार करावी, त्याला पैसे लागत नाहीत. इथे येईल का, तर असल्या गोष्टी जिथे तरुण पोरं आणि चटकन मिळणारे पैसे दोन्ही आहेत तिथे येतातच. आली तर स्कॅन न करता आधी त्या टेबलाचा फोटो काढा, काय लिहिलंय, वय विचारतात का, ते बघा.

प्रश्न: माझं इन्स्टा पब्लिक आहे, रील्स टाकते. एआय कंपनी माझे फोटो घेऊन मॉडेल शिकवू शकते का? कायदा काय करतो?
— कॉलेज स्टुडंट, म्हापसा

उत्तर: याचं उत्तर तुला आवडणार नाही. आपल्या कायद्यात कलम ३ मध्ये असं आहे की जी माहिती माणसाने स्वतःहून जाहीर केली तिला हा कायदा लागूच होत नाही. म्हणजे पब्लिक प्रोफाईलवर तू टाकलेल्या फोटोसाठी बोर्डाकडे जायला फारसा रस्ता नाही. मला हे मोठं भगदाड वाटतं. तू रील टाकलीस ती मैत्रिणींनी, लोकांनी बघावी म्हणून, एखाद्या यंत्राने तुझा चेहरा पाठ करावा म्हणून नव्हे.

बाहेर असं नाहीये. नेदरलँड्सच्या नियामकाने सप्टेंबर २०२४ मध्ये क्लिअरव्ह्यू एआय या कंपनीला ३ कोटी ५ लाख युरोंचा दंड केला, तिने इंटरनेटवरचे अब्जावधी फोटो उचलून चेहऱ्यांचा साठा केला होता, ते फोटो पब्लिकच होते. ब्राझीलच्या नियामकाने, एएनपीडीने, जुलै २०२४ मध्ये मेटाला सांगितलं की लोकांच्या पोस्ट वापरून एआय शिकवणं थांबवा, नाहीतर दिवसाला ५०,००० ब्राझिलियन रियाल दंड. ऑगस्टअखेर बंदी उठली पण लोकांना आधी कळवायचं आणि नको म्हणायचा सोपा फॉर्म द्यायचा या अटीवर.

आपल्याकडे हे बदलायचं तर सांगायला हवं. जानेवारी २०२५ मध्ये नियमांचा मसुदा लोकांपुढे ठेवला होता, त्यावर ६,९१५ सूचना आल्या. दीडशे कोटींच्या आसपास लोकसंख्येचा देश आणि सात हजारसुद्धा नाहीत. दिल्ली, मुंबई, गुवाहाटी, कोलकाता, हैदराबाद, बंगळूर, चेन्नई इथे चर्चा झाल्या, गोवा त्या यादीत नव्हता. पुढच्या वेळी मसुदा आला की तुमच्या कॉलेजातून पन्नास पोरांनी आपापल्या शब्दात लिहा, कॉपी पेस्ट नको.

तोपर्यंत अकाऊंट प्रायव्हेट करणं हा खरा उपाय, कारण मग तू "जाहीर" केलं असं म्हणता येत नाही. आणि कोणी तुझा फोटो घेऊन घाणेरडं काही बनवलं तर ते प्रकरण बोर्डाचं नाही, पोलिसांचं आहे, सायबरक्राईम पोर्टलवर लगेच तक्रार कर, लिंक आणि स्क्रीनशॉट दोन्ही दे, आणि घरी सांग. त्यात तुझी काहीही चूक नसते.

प्रश्न: आमच्यासारख्यांना इंग्रजी नोटीस कळत नाही, खाली आय ॲग्री असतं ते दाबतो. मराठीत किंवा कोंकणीत मागता येतं का?
— सत्तरीहून. देव बरें करूं.

उत्तर: येतं, आणि मागाच. कायदा म्हणतो की नोटीस आणि संमतीची विनंती इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय माणसाला मिळायला हवा. त्या बावीस भाषांत मराठी आणि कोंकणी दोन्ही आहेत. हे बंधन पूर्ण लागू व्हायला मे २०२७ उजाडेल पण मागायला कोणी अडवत नाही. ज्या ॲपमध्ये तो पर्याय दिसत नाही त्याच्या तक्रार अधिकाऱ्याला मराठीतच दोन ओळींचा मेल टाका, "मला नोटीस मराठीत हवी, तोपर्यंत मी संमती दिली असं धरू नये", आणि पाठवलेल्या मेलची प्रिंट किंवा स्क्रीनशॉट ठेवा. मेल करता येत नसेल तर नातवाला सांगा, नाहीतर आमच्या पत्त्यावर ॲपचं नाव कळवा, पुढच्या अंकासाठी आम्ही अशा ॲपची यादी करतोय.